रक्ताची ऑस्मोलॅलिटी

एक किलो पाण्यात विरघळलेल्या कणांची संख्या म्हणजे ऑस्मोलॅलिटी. कण केवढा आहे याला इथे किंमत नाही, मोजायची ती फक्त संख्या. त्यामुळे वजनाने भरपूर असलेली रक्तातली प्रथिने या हिशेबात नगण्य ठरतात आणि सोडियम व त्याच्या जोडीचे क्लोराइड-बायकार्बोनेट भाव खाऊन जातात. निरोगी प्रौढाच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) हा आकडा साधारण २७५ ते २९५ मिलिऑस्मोल प्रतिकिलो असतो; ऑस्मोल हे कण मोजायचे एकक, मिलिऑस्मोल त्याचा हजारावा भाग. तो एक-दोन टक्के चढला तरी मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला कळते, तहान लागते आणि एडीएच हे संप्रेरक मूत्रपिंडाला पाणी राखायला लावते.

मोजणी बहुधा गोठणबिंदूवरून होते. किलोभर पाण्यात एक ऑस्मोल कण मिसळले की गोठणबिंदू १.८६ अंश सेल्सिअसने उतरतो. २९० मिलिऑस्मोलचे सीरम उणे ०.५४ अंशाला गोठते. ऑस्मोमीटर, म्हणजे ही मोजणी करणारे यंत्र, नमुन्याला त्याहून बराच खाली थंड करतो, पण गोठू देत नाही. मग एक झटका. क्षणात बर्फाचे स्फटिक धरतात, त्यातून सुटलेल्या उष्णतेने तापमान वर येऊन काही काळ स्थिर राहते आणि यंत्र तेवढेच टिपते. दुधातले पाणी पकडायला डेअरीत हीच युक्ती वापरतात. गाईच्या दुधाचा गोठणबिंदूही उणे ०.५४च्याच आसपास असतो, कारण दूध गाईच्या रक्ताशी समतोल राखूनच तयार होते.

नमुना साध्या किंवा हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीत घ्यावा. साखरेसाठी घेतलेली करड्या टोपीची फ्लोराइडची नळी चालत नाही. त्यातले क्षारही कण म्हणून मोजले जातात आणि आकडा फुगतो.

नुसता मोजलेला आकडा फारसे बोलत नाही. तो गणिताने काढलेल्या आकड्याशेजारी ठेवावा लागतो: सोडियमची (मिलिमोल प्रतिलिटर) दुप्पट, अधिक साखर भागिले १८, अधिक युरिया भागिले ६ (दोन्ही मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर). सोडियम १४०, साखर ९०, युरिया ३० असेल तर २८० अधिक ५ अधिक ५, म्हणजे २९०. अमेरिकी पुस्तकांत सहाऐवजी २.८ दिसतो, पण तो युरियातल्या नायट्रोजनसाठी. आपल्याकडच्या बऱ्याच रिपोर्टांत अख्खा युरिया असतो, त्याला २.८ने भागले तर याच रुग्णात पाच-सहा मिलिऑस्मोल हवेतून येतात.

मोजलेल्या व काढलेल्या आकड्यांतला फरक म्हणजे ऑस्मोलल गॅप. तो साधारण दहाच्या आत असतो. सोडियम कमी पण मोजलेली ऑस्मोलॅलिटी नॉर्मल असेल, तर रक्तातल्या चरबीने सोडियमच्या यंत्राला फसवले आहे का, ते पाहावे. गॅप पन्नासावर गेला, तर सूत्रात नसलेले काहीतरी रक्तात आहे. बहुतेकदा ती साधी दारूच असते, म्हणून तिच्यातल्या इथेनॉलचा वाटा (मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर भागिले ४.६) आधी वजा करतात. तरी गॅप उरला, तर मिथेनॉल या विषारी अल्कोहोलचा संशय. २०१५च्या जूनमध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर बळी घेतले, ते याच मिथेनॉलने. बाष्पदाबावर चालणारा ऑस्मोमीटर अशा वेळी कुचकामी: मिथेनॉल उडून जाते आणि यंत्राला दिसतच नाही.

वेळेचा घोळ मात्र कोणत्याही यंत्राने सुटत नाही. यकृत मिथेनॉलचे फॉर्मिक आम्ल करते तसा ऑस्मोलल गॅप उतरतो आणि अ‍ॅनायन गॅप (रक्तात आम्ल साचल्याची खूण) चढतो. डोळ्यांपुढे धुके आल्यावर दवाखाना गाठलेल्या रुग्णाचा ऑस्मोलल गॅप नॉर्मल निघू शकतो.