सुपिरिअर व्हेना कावा सिंड्रोम

डोकं, मान, दोन्ही हात आणि छातीचा वरचा भाग, इथलं अशुद्ध रक्त हृदयाकडे परत नेणारी एकच मोठी शीर असते, वरची महाशीर, डॉक्टर लोक हिला नुसतं एसव्हीसी म्हणतात. हिच्यातला प्रवाह अडला की चेहरा सुजणं, गळ्याच्या शिरा फुगणं, दम लागणं अशी जी लक्षणं एकत्र दिसतात त्यांना मिळून हे नाव आहे. हा स्वतंत्र आजार नाही, दुसऱ्या कुठल्यातरी आजाराने शिरेची केलेली अडवणूक आहे, आणि तो दुसरा आजार आजकाल बहुतेक वेळा फुफ्फुसाचा कॅन्सर निघतो. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटपैकी २ ते ४ टक्क्यांना कधी ना कधी हे होतं. स्मॉल सेल, म्हणजे लहान पेशींच्या, प्रकारात प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास जातं, कारण ती गाठ बहुधा छातीच्या मधोमध, मोठ्या श्वासनलिकांना खेटून वाढते.

एसव्हीसी साधारण ७ सेंमी लांब आणि २ सेंमीपर्यंत रुंद असते. शरीरातून हृदयाकडे येणाऱ्या रक्तापैकी जवळपास एक तृतीयांश हिच्यातून येतं, पण भिंत पातळ आणि आतला दाब अगदी कमी. शेजारी महाधमनी, श्वासनलिका, पुढे छातीचं हाड, आणि भोवती लिम्फच्या गाठींची रांग, म्हणजे या दाटीत काहीही वाढलं तरी पहिली चेपली जाते ती हीच. ती मध्यरेषेच्या उजवीकडे असल्यामुळे उजव्या फुफ्फुसातल्या गाठींमध्ये हा प्रकार डावीकडच्या मानाने बराच जास्त दिसतो.

आता अझायगस शिरेचं बघू, कारण निम्मं गणित तिच्यावर आहे आणि सोप्या माहितीपत्रकांत नेमकं तेच गाळलेलं असतं. ही शीर पाठीच्या कण्याच्या उजव्या बाजूने वर चढते आणि एसव्हीसी हृदयाच्या आवरणात शिरायच्या जरा आधी तिला मागून मिळते. अडथळा या संगमाच्या वर असेल तर हाताचं आणि मानेचं रक्त छातीच्या भिंतीतल्या लहान शिरांमधून अझायगसमध्ये येतं आणि तिथून एसव्हीसीच्या उरलेल्या मोकळ्या तुकड्यातून हृदयात, म्हणजे थोडक्यात निभावतं. अडथळा संगमाच्या खाली असेल तर तीच अझायगस उलटी वाहायला लागते आणि रक्त पोटातून खालच्या महाशिरेला जाऊन मिळतं. आणि गाठीने संगमच गिळला तर अझायगसचा मार्गही बंद, मग छातीच्या आतल्याबाहेरच्या बाजूच्या शिरा आणि पोटाच्या भिंतीतल्या शिरा एवढ्यांवरच सगळा भार पडतो, तेव्हा लक्षणं सहसा सगळ्यात जास्त. १९८६ मध्ये स्टॅनफर्ड आणि डॉटी या डॉक्टरांनी शिरेत डाय सोडून काढलेल्या फोटोंवरून चार प्रकार पाडले त्यातही अझायगसमधला प्रवाह कुठल्या दिशेला आहे याला महत्त्व आहे, आणि गाठीच्या साइजपेक्षा ही विभागणी जास्त उपयोगी आहे असं म्हणायला हरकत नाही.

या पर्यायी वाटा तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून हळूहळू वाढणाऱ्या गाठीने शीर पूर्ण बंद होऊनही माणूस हिंडताफिरता असू शकतो, आणि दुसरीकडे अर्धवट चेपलेल्या शिरेत अचानक गुठळी झाली तर दोन दिवसांत चेहरा ओळखू येत नाही. मानेतल्या शिरांमधला दाब एरवी २ ते ८ मिमी पारा असतो तो २० ते ४० पर्यंत चढतो.

पहिली नोंद कोणाची यावर सहसा एकच उत्तर मिळतं, विल्यम हंटर, १७५७. (हा थोरला हंटर, धाकटा भाऊ जॉन हाही सर्जन आणि त्याचंही नाव धमनीच्या फुग्यांच्या ऑपरेशनशी जोडलेलं, त्यामुळे दोघांची गल्लत होऊ शकते.) पण हंटरचा तो लेख मुळात महाधमनीच्या फुग्यावर, म्हणजे तिची भिंत फुगून झालेल्या भागावर आहे, शिरेवरचा दाब त्यात ओघाने येतो, आणि सिंड्रोम म्हणून वेगळं काही मांडायचा त्याचा हेतू दिसत नाही. तो फुगा सिफिलिसचा होता असं पुढच्या बऱ्याच लेखांत सरळ लिहिलेलं असतं. सिफिलिसचा जंतूच मुळात १९०५ मध्ये सापडला, तेव्हा हे निदान मागाहून चिकटवलेलं आहे, त्या काळातले असे फुगे बहुधा सिफिलिसचेच असत म्हणून ते पटण्यासारखं आहे इतकंच. कॅन्सरमुळे झालेल्या अडथळ्याचं श्रेय काही जण डब्लिनच्या विल्यम स्टोक्सला देतात, छातीच्या रोगांवरचं त्याचं लिखाण १८३७ चं. मानेभोवती जाड पट्टा बांधल्यासारखी जी सूज येते तिला अजूनही स्टोक्स कॉलर म्हणतात. दोन्ही दावे एकत्र धरले तर अडथळ्याचं वर्णन हंटरचं आणि गाठीशी जोडणी स्टोक्सची, ही वाटणी जास्त रास्त वाटते.

कॅन्सर हे मुख्य कारण कधी झालं हेही एका वर्षावर बोट ठेवून सांगता येत नाही. १९५४ मध्ये शेक्टरने तोवरच्या २७४ केसेस तपासल्या तेव्हासुद्धा सुमारे ४० टक्के सिफिलिसच्या फुग्याच्या किंवा टीबीने छातीच्या मध्यभागात झालेल्या दाहाच्या होत्या. पुढे पेनिसिलिन आणि टीबीची औषधं सर्रास वापरात आली, सिगरेट वाढली आणि चित्र पालटलं. हल्ली ६० ते ९० टक्के केसेस कॅन्सरच्या असतात, त्यातल्या निम्म्याच्या आसपास नॉन स्मॉल सेल, साधारण पाव स्मॉल सेल, मग लिम्फोमा, म्हणजे लिम्फच्या गाठींचा कॅन्सर. आकड्यांमधली एवढी तफावत आहे कारण अलीकडे पेसमेकरच्या वायरी, केमोचं औषध सोडायला त्वचेखाली बसवलेले पोर्ट, डायलिसिसच्या नळ्या यांच्यामुळे होणाऱ्या गुठळ्या वाढल्यात आणि प्रत्येक हॉस्पिटलात त्यांचा वाटा वेगळा. अमेरिकेत ओहायो-मिसिसिपी खोऱ्यात हिस्टोप्लाझ्मा बुरशीमुळे छातीत चिवट जाळं तयार होऊन हेच होतं. आपल्याकडे टीबी अजून यादीतून गेलेला नाही, आणि उलट बाजूने कॅन्सरला टीबी समजून महिनोन्महिने टीबीच्या गोळ्या चालू राहतात हेही घडतं.

लक्षणं सकाळी उठल्यावर आणि खाली वाकल्यावर वाढतात. डोळ्यांभोवती सूज, शर्टाचं वरचं बटण लागेनासं होणं, बांगड्या-अंगठ्या रुतणं, छातीवर निळ्या शिरांचं जाळं, डोकं जड. जाळ्यातल्या शिरेवर बोट फिरवून पाहिलं तर रक्त वरून खाली वाहताना दिसतं. आवाज बसणं, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज किंवा गुंगी आली तर मात्र थांबायचं नाही. अन्ननलिकेच्या वरच्या भागातही शिरा फुगतात. लिव्हरच्या आजारात त्या खालच्या टोकाला फुगतात, इथे वरून खाली येतात, आणि लिव्हर धडधाकट असताना दिसल्या तर छातीचा स्कॅन करायलाच हवा.

निदान डाय देऊन केलेल्या सीटी स्कॅनवर होतं. त्यात एक गमतीचा फसवा प्रकार आहे. छातीतून वळलेलं रक्त बेंबीजवळच्या शिरांमधून लिव्हरच्या चौथ्या भागात पोचतं आणि डाय तिथे आधी चमकते, ते बघून लिव्हरमध्ये कॅन्सर पसरलाय असं वाटू शकतं, मग स्टेज उगाच वाढते. सलाईन किंवा इंजेक्शन शक्यतो पायाच्या शिरेतून द्यावं, सुजलेल्या हातातून नाही.

उपचारांबाबत मोठा वाद होता तो घाईचा. जुन्या पद्धतीत असा पेशंट आला की बायोप्सीची (गाठीचा तुकडा काढून तपासण्याची) वाट न बघता रात्रीच रेडिएशनचे शेक चालू करत. १९८१ नंतर हे प्रश्नाखाली आलं, आणि १९८४ मध्ये आह्मनने प्रसिद्ध झालेल्या जवळपास २००० केसेस धुंडाळल्या तर थेट शिरेच्या अडथळ्यामुळे झालेला मृत्यू एकच सापडला, तोही नाकातून आलेलं रक्त श्वासनलिकेत जाऊन. २००८ मध्ये येल विद्यापीठाच्या गटाने लक्षणांच्या तीव्रतेवरून श्रेणी पाडल्या त्यातही जिवावर बेतणारी श्रेणी सुमारे ५ टक्क्यांचीच आहे. आधी शेक दिल्याने पेशी मरतात आणि कॅन्सरचा प्रकारच कळत नाही, शिवाय लिम्फोमा किंवा स्मॉल सेल निघाला तर केमोनेच शीर मोकळी होते, म्हणून आधी तुकडा मग उपचार हा क्रम आता बहुतेकांना मान्य आहे, आणि तोच योग्य म्हणायला हवा. तोवर डोकं उंच ठेवणं, ऑक्सिजन. स्टिरॉइड सर्रास देतात पण लिम्फोमा सोडला तर त्याचा पुरावा तोकडा आहे, आणि लिम्फोमातच ते बायोप्सीच्या आधी दिलं तर तुकड्याचा रिपोर्ट बिघडू शकतो.

मेंदूला किंवा श्वासनलिकेला सूज असेल, किंवा गाठ केमोला दाद न देणारी असेल, तर स्टेंट. हा प्रकार १९८० च्या दशकाच्या मध्यापासून आला. मांडीच्या किंवा मानेच्या शिरेतून तार घालून जाळीची नळी बसवतात आणि सूज एक ते तीन दिवसांत उतरते. २००२ मध्ये छापलेल्या एका एकत्रित पाहणीत स्टेंटने ९५ टक्के, स्मॉल सेलमध्ये केमोने ७७ टक्के आणि नॉन स्मॉल सेलमध्ये केमो किंवा शेकाने ६० टक्क्यांच्या आसपास पेशंटना आराम पडल्याचं आलं, पण हे निरनिराळ्या लहान अभ्यासांतून गोळा केलेले आकडे आहेत, समोरासमोर केलेली तुलना नाही. स्टेंट सरकणं, त्यात गुठळी होणं, क्वचित हृदयाच्या आवरणात रक्त साठणं हे धोके आहेतच.

फुफ्फुसाच्या गाठी इतर रक्तवाहिन्यांनाही हात घालतात, ते इथे थोडक्यात. गाठ फुफ्फुसाच्या शिरेतून सरकत हृदयाच्या डाव्या कप्प्यात पोचते आणि तिचा तुकडा सुटून पॅरालिसिसचा झटका येतो किंवा पायाची धमनी बंद होते, हे फार विरळ पण ऑपरेशनच्या टेबलावर घडलेलं आहे. स्क्वॅमस (चपट्या पेशींच्या) प्रकारच्या पोकळ गाठीतून खोकल्यावाटे एकदम खूप रक्त पडू शकतं, आणि गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू न देणाऱ्या बेव्हॅसिझुमॅबच्या सुरुवातीच्या ट्रायलमध्ये असे मृत्यू झाल्यामुळे हे औषध या प्रकारात देत नाहीत. जागा बदलत राहणाऱ्या शिरांच्या गुठळ्यांना ट्रूसो या फ्रेंच डॉक्टरचं नाव आहे. त्याने हे पॅरिसमध्ये १८६५ मध्ये मांडलं, त्याच्या आधी बुइयोने १८२३ मध्ये कॅन्सर आणि गुठळ्यांचा संबंध नोंदवला होता. ट्रूसो स्वतःही १८६७ मध्ये कॅन्सरनेच गेला, बहुतेक लेखक पोटाचा म्हणतात, काही स्वादुपिंडाचा. फुफ्फुसात हा प्रकार मुख्यतः ग्रंथीच्या पेशींतून वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये, म्हणजे अ‍ॅडिनोकार्सिनोमात दिसतो, त्यातही एएलके जीनमध्ये बदल असलेल्यांमध्ये जास्त, आणि त्यावर हेपरिनची इंजेक्शनं किंवा रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या देतात, वॉरफरिन ही जुनी गोळी या पेशंटमध्ये तितकीशी चालत नाही.