घरच्या गॅरेजात मसल कार: या छंदाची पार्श्वभूमी

१९६३च्या जानेवारीत जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी आपल्या सगळ्या विभागांना रेसिंगमधून अंग काढून घ्यायला सांगितलं. कॅडिलॅकवाल्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. पाँटिअ‍ॅकची मात्र पंचाईत झाली, कारण या विभागाच्या गाड्यांचा गेल्या काही वर्षांतला खप रेसच्याच जोरावर होता. पाँटिअ‍ॅकचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस जी यांनी मग वेगळी वाट काढली. टेम्पेस्ट या मधल्या आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं ३८९ घनइंचांचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन बसवायचं. अशा गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा कंपनीचाच नियम होता. पण तो नवीन मॉडेलला लागू होता, जादा पैसे भरून घ्यायच्या पॅकेजला नव्हे. म्हणून १९६४ची जीटीओ स्वतंत्र मॉडेल म्हणून बाजारात आलीच नाही. टेम्पेस्ट ल मान्स घ्यायची आणि वर तीनशेच्या आसपास डॉलर मोजून जीटीओ पॅकेज घ्यायचं, असा मामला होता. नावही फेरारीकडून बिनदिक्कत उचललेलं. पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता, पहिल्याच वर्षी ३२ हजारांवर गेल्या. मधल्या गाडीत असं मोठं इंजिन घातलेल्या, परवडणाऱ्या ताकदवान गाडीलाच मसल कार म्हणतात.

ही पळवाट नीट लक्षात ठेवायला हवी. अमेरिकेत आज कोणी आपल्या घरच्या गॅरेजात साठ वर्षांपूर्वीची गाडी खोलून बसला असेल, तर त्याला ते जमतं कशामुळे आणि त्याची झोप उडते कशामुळे, याची दोन्ही उत्तरं या पळवाटेत आहेत.

मसल कार नेमकी कधी सुरू झाली यावर अमेरिकन माणसं तासन्‌तास वाद घालतात. हलक्या बॉडीत नवं ३०३ घनइंची व्ही-८ घातलेली १९४९ची ओल्ड्समोबिल रॉकेट ८८ ही पहिली, असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचं म्हणणं चुकीचंही नाही. पण तरुण पोराला हप्त्यावर परवडेल अशा किमतीत ही ताकद शोरूमच्या काचेआड उभी राहिली ती जीटीओपासून. मग सगळेच त्या शर्यतीत उतरले. क्रायस्लरच्या प्लिमथने १९६८मध्ये आतली सजावट काढून टाकलेली स्वस्त रोड रनर काढली आणि कार्टूनमधल्या पक्ष्याचं नाव वापरायला वॉर्नर ब्रदर्सला पैसे मोजले. क्रायस्लरचं ४२६ घनइंची हेमी इंजिन कागदोपत्री ४२५ अश्वशक्तीचं होतं, तर शेव्हरोलेच्या १९७०च्या शेव्हेल एसएसमधल्या सगळ्यात तगड्या ४५४ घनइंची इंजिनाची जाहीर ताकद ४५० अश्वशक्ती.

फोर्डची मस्टँग काटेकोर अर्थाने मसल कार नव्हे, पण तिला वगळून हा इतिहास सांगता येत नाही. १७ एप्रिल १९६४ला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात ती लोकांसमोर आली, किंमत २,३६८ डॉलरपासून पुढे. पहिल्याच दिवशी २२ हजार ऑर्डरी आणि दोन वर्षांच्या आत दहा लाख गाड्या. वरचा देखणा पत्रा सोडला तर खाली सगळं फाल्कन या साध्यासुध्या कुटुंबाच्या गाडीचं. या गाड्या अशाच जोडकामातून घडल्या. शेव्हेलचं ब्रेक ड्रम दुसऱ्या शेव्हरोलेला चालायचं आणि शेव्हरोलेचं लहान व्ही-८ तर १९५५पासून दशकानुदशकं त्याच मूळ आराखड्यावर निघत राहिलं. एक इंजिन इतक्या गाड्यांत इतकी वर्षं चाललं, की त्याचे पिस्टन, रिंगा, गॅस्केट आजही सहज मिळतात. फेरारी घरी दुरुस्त करणारा माणूस विरळा आणि शेव्हरोलेची कॅमॅरो दुरुस्त करणारे गल्लोगल्ली, हा फरक कौशल्याचा कमी आणि सुट्या भागांचा जास्त आहे.

गाडी तशी होती, तसं घरही. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना १९४४च्या कायद्याने घरकर्ज सोपं झालं, शहराबाहेर वसाहती उभ्या राहिल्या आणि घराला लागून गॅरेज असणं रिवाजाचं होत गेलं. सैन्यात ट्रक-विमानांची इंजिनं खोललेली ही माणसं. कॅलिफोर्नियात कोरड्या तळ्यांवर जुन्या फोर्ड पळवायचा नाद युद्धाआधीपासूनच होता, तो आता देशभर पसरला. हायस्कुलात ऑटो शॉपचा तास असायचा, त्यात पोरं कार्ब्युरेटर खोलायला आणि प्लगचा गॅप लावायला शिकायची. शिकागोच्या जे. सी. व्हिटनीच्या कॅटलॉगातून भाग टपालाने यायचे, सिअर्सचा पाना मोडला तर दुकान बदलून द्यायचं. मिस्त्रीकडे न जाता आपली गाडी आपणच खोलणं ही तिथे हौस होण्याआधी घरखर्चाची गोष्ट होती.

मसल कारचा जमाना संपला मात्र झटक्यात. विमा कंपन्यांनी विशीतल्या पोरांकडून मोठ्या इंजिनासाठी अव्वाच्या सव्वा हप्ते मागायला सुरुवात केली होती. १९७०मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. १९७१मध्ये जनरल मोटर्सने कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात मिश्रण दाबायचं प्रमाण, उतरवलं. १९७२पासून अश्वशक्ती मोजायची पद्धत बदलली आणि आकडे कागदावर आणखी खाली आले. ऑक्टोबर १९७३मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. १९७४च्या मस्टँगमध्ये व्ही-८ इंजिन मिळतच नव्हतं, आणि मूळ जीटीओचंही ते शेवटचं वर्ष ठरलं.

पुढची दहाएक वर्षं या गाड्यांना कुणी विचारेना. खरं नुकसान त्या वर्षांत झालं, आणि आजचा छंदवाला दुरुस्त करतो ते मुख्यतः तेच नुकसान. पेट्रोल खाणारी जुनी गाडी म्हणून त्या मातीमोल भावाने कॉलेजच्या पोरांच्या हाती गेल्या. कोणी इंजिन काढून रेसच्या गाडीत घातलं, कोणी मूळ इंजिन फुटल्यावर भंगारातलं दुसरं बसवलं. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्याचा वापर युद्धानंतर प्रचंड वाढला होता. मिशिगन-ओहायोत आठ-दहा हिवाळे काढलेल्या गाडीचा तळपत्रा चाळणी झालेला असायचा. पुटी भरून, वर रंग मारून त्या विकल्या गेल्या, आणि ती पुटी आज चाळीस वर्षांनी कुणीतरी खरवडतंय.

जुन्या मस्टँगचं उदाहरण घ्या. समोरच्या काचेच्या खाली, वायपरांपाशी, आत हवा घ्यायला झरोके असतात. त्यांच्याखाली पत्र्याची बंद पेटी असते, तिला काउल म्हणतात. पेटीच्या आतल्या बाजूला कारखान्यात धड रंग पोचतच नसे. झाडाची पानं आत पडायची, कुजायची, ओल धरायची आणि पत्रा आतून सडायचा. जाणता माणूस मस्टँग विकत घेताना आधी बादलीभर पाणी त्या झरोक्यांत ओततो आणि ड्रायव्हरच्या पायाशी वाकून बघतो. पाणी ठिबकलं की समजायचं, काम मोठं आहे. मडगार्ड, बॉनेट, काच सगळं उतरवून, पेटीचे स्पॉट वेल्ड, म्हणजे ठिपक्यांसारखे जोड, एकेक करून ड्रिलने सोडवावे लागतात, नवा पत्रा बसवून त्याच भोकांतून परत वेल्ड करावा लागतो. बाहेरून सुंदर दिसणारी गाडी पावसात पाय भिजवते ती यामुळे.

असलं काम घरी करता येण्याला दोन गोष्टी कारण झाल्या. १९८०च्या दशकात घरच्या ११० व्होल्टवर चालणारी लहान मिग वेल्डिंग मशिनं स्वस्त झाली. त्याआधी गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा तापून वाकायचा, त्याला कसलेला हात लागायचा. दुसरी गोष्ट म्हणजे पत्रा विकत मिळू लागला. सुरुवातीला लोक डीलरांच्या गोदामात पडून राहिलेले, कधीच न वापरलेले मूळ भाग शोधत फिरत. पेनसिल्व्हेनियात हर्शे इथे १९५५पासून आणि कार्लाइल इथे १९७४पासून भरणारे सुट्या भागांचे बाजार, आणि १९५४मध्ये सुरू झालेलं हेमिंग्ज हे जाहिरातींचं मासिक, हे त्या शोधाचे अड्डे. तो साठा आटत गेला तशा नॅशनल पार्ट्‌स डेपो, क्लासिक इंडस्ट्रीज, इयर वन अशा कंपन्या उभ्या राहिल्या. आधी रबराच्या पट्ट्या, गालिचे, बिल्ले. मग तळपत्रे, मागचे मडगार्ड, डिक्की. आणि शेवटी डायनाकॉर्नने १९६९च्या कॅमॅरोची अख्खी बॉडीच नवी छापून विकायला काढली. नव्या भागांची जुळणी दर वेळी बरोबर येतेच असं नाही. दाराची फट सारखी करण्यात महिने जातात, आणि कॅटलॉगात त्याबद्दल अवाक्षर नसतं.

याच सुमाराला १९६५ साली सतरा वर्षांचे असलेले लोक चाळिशी-पन्नाशीत आले, हातात पैसा आला. तेव्हा घेता आली नाही ती गाडी आता हवी होती. १९७१ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल अवघी ११ गाड्यांची, त्यातली एक २०१४मध्ये लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. पैसा आला तशी खरं-खोटं तपासण्याची गरज आली, आणि पाँटिअ‍ॅकची ती जुनी पळवाट इथे आडवी येते. १९६४ आणि १९६५च्या जीटीओ पॅकेज असल्यामुळे चासी नंबरावरून गाडी साधी ल मान्स आहे की जीटीओ, हे कळतच नाही. १९६९पासूनच्या शेव्हेल एसएसचं तेच. साध्या ल मान्सवर जीटीओचे बिल्ले आणि मोठं इंजिन चढवायला फारसं काही लागत नाही, कारण कंपनीनेही तेच केलं होतं! क्रायस्लरची गोष्ट निराळी. १९७०च्या गाडीत नंबरातलं पाचवं अक्षर आर असेल तर ती जन्मानेच हेमी.

म्हणून कागदाला सोन्याचा भाव आला. पाँटिअ‍ॅकच्या जुन्या बिलांच्या मायक्रोफिल्म पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस (पीएचएस) या संस्थेकडे आहेत, १९६७पासूनच्या फोर्डच्या उत्पादनाच्या नोंदी मार्टी या कंपनीकडे. अमेरिकेत विकलेल्या बहुतेक शेव्हरोलेंच्या तशा नोंदी उरलेल्याच नाहीत. कारखान्यात कामगार ज्या कागदावरून भाग जोडायचे, तो बिल्ड शीट कधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत, कधी पेट्रोलच्या टाकीवर तसाच राहून जायचा. आज जुनी गाडी घरी आणल्यावर लोक इंजिनाआधी मागचं सीट उचकटतात. उंदरांनी अर्धा खाल्लेला, पिवळा पडलेला कागद मिळाला तरी गाडीची किंमत बदलते. पुढे हे वेड इतकं वाढलं, की स्पर्धेत उतरवायच्या गाडीवर कारखान्यातल्या तपासनिसांच्या खडूच्या खुणा आणि घाईत मारलेल्या रंगाचे ओघळसुद्धा मुद्दाम नकलून काढतात. एवढं मला पटत नाही. ढिसाळपणाची इतकी निगुतीने केलेली नक्कल दुसरीकडे क्वचितच दिसेल. त्यापेक्षा जुन्या बॉडीत नवं इंजिन, नवे ब्रेक घालून रोज चालवणारे रेस्टोमॉडवाले जास्त प्रामाणिक वाटतात. मूळ मसल कारही तशीच जन्मली होती.

ज्या नियमांनी हा जमाना संपवला, त्यांचे परिणाम गॅरेजात आजही भोगावे लागतात. १९९६पासून अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल बंद आहे, आणि शिशाअभावी व्हॉल्व्हच्या मूळ बैठका झिजतात, त्यामुळे हेड खोललं की कडक धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवून घेतात. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस सोसत नाही म्हणून आधुनिक ऑइलमधलं जस्त-फॉस्फरसचं मिश्रण कमी केलं गेलं, आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर घासत चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या चपट्या टॅपेटना नेमकं तेच लागतं. नवा कॅमशाफ्ट बसवल्यावर पहिली वीसेक मिनिटं इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वरच ठेवावं लागतं. साधं ऑइल घातलं किंवा इंजिन हळू चालू दिलं, तर कॅम घासून जातो आणि सगळं काम परत.

मराठी वाचकाला या गाड्यांची आठवण नसण्याचं कारणही तारखांतच आहे. जनरल मोटर्स मुंबईत शिवडीला १९२८पासून शेव्हरोले जोडत होती आणि १९५४ला निघून गेली. कुर्ल्याच्या प्रीमिअरमध्ये क्रायस्लरच्या गाड्या जुळल्या, त्याही याच काळात. मसल कार जन्मल्या तेव्हा आपल्याकडे आयातीचे दरवाजे बंद होते. डेट्रॉइट परिसरात वाहन उद्योगात असलेल्या मराठी मंडळींना मात्र त्या दर ऑगस्टला दिसतात. वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर १९९५पासून जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, साठच्या दशकात पोरं रात्री शर्यती लावायची त्याच रस्त्यावर.

चासी नंबराची पट्टी ज्या रिव्हेटांनी ठोकलेली असते, तेही आता बारकाईने तपासतात. जनरल मोटर्सने १९६५पासून फुलासारख्या डोक्याचे रिव्हेट वापरले. रंगासाठी पट्टी काढली आणि परत लावली, तर गाडीवर चोरीचा संशय येऊ शकतो. कॅन्ससमध्ये इंडियानातून आणलेली एक १९५९ची कॉर्व्हेट नोंदणीच्या तपासणीत अशीच अडकली. दुरुस्तीच्या वेळी पट्टी काढून पुन्हा बसवली होती, एवढ्यावरून पोलिसांनी ती जप्त केली आणि कायद्याप्रमाणे चेचून टाकायची वेळ आली होती. प्रकरण वर्षानुवर्षं न्यायालयात रेंगाळलं. शेवटी २०२२मध्ये राज्याने कायदाच बदलला: जुनी गाडी दुरुस्त करताना गरजेपुरती पट्टी काढून परत लावली, तर तो गुन्हा नाही.