हेलिकोबॅक्टर पायलोरी : बालकांतील जठरसंसर्ग व यकृत (मराठवाडा)

जठराच्या श्लेष्मल थरात राहणारा, मळसूत्रासारखा पिळलेला जंतू. संसर्ग बहुधा बालपणी, घरातल्या घरात होतो व उपचाराविना सहसा आयुष्यभर टिकतो. बहुतेक मुलांत लक्षणे नसतात. मराठवाड्यात ‘पित्त झालंय’ एवढ्यात आंबट ढेकर, मळमळ, डोकेदुखी आणि हा जठरदाहही येऊन जातो.

कुत्र्याच्या जठरातील सर्पिल जंतूंचे वर्णन इटलीतील जूलिओ बित्सोझेरो यांनी १८९३ मध्ये केले होते. मानवी जठरातील जंतू पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये वेगळा काढून वाढविला (नोबेल, २००५). तो प्रथम कॅम्पिलोबॅक्टर वंशात गणला जाई. सध्याचे नाव १९८९ पासूनचे.

भारतातील वाणांच्या (जंतूच्या उपप्रकारांच्या) उगमाविषयी मतभेद आहेत. माणूस आफ्रिकेबाहेर पडला तेव्हाच, म्हणजे सुमारे ६०,००० वर्षांपूर्वी, जंतू त्याच्यासोबत होता, हे मत आता बहुमान्य आहे. उपखंडातील अनेक नमुने ‘एचपी-एशिया २’ गटात बसतात. आल्प्समधील सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या हिममानवाच्या जठरातील वाणही या गटाच्या जवळचा निघाला (२०१६). याउलट काही भारतीय नमुन्यांची जनुके युरोपीय वाणांशी जुळतात व ती इंडो-युरोपीय भाषकांसोबत आली असावीत, असे प्रतिपादन २००७ मध्ये झाले. मात्र आजचा युरोपीय वाणच संकरित असून त्याचा एक पूर्वज आशियाई असल्याने या साम्यावरून स्थलांतराची दिशा ठरविणे धाडसाचे वाटते.

प्रसार तोंडावाटे, लाळ, उलटी व विष्ठा ही माध्यमे मानली जातात. पाण्यात जंतूचे डीएनए सापडते, जिवंत जंतू क्वचितच हाती लागतो. तरीही साठवणीचे पाणी संशयास्पदच. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाणी आठवड्यातून एकदा येते तिथे ते ड्रम-रांजणांत साठते. ओगराळे बाजूला राहते आणि पोर पेला धरलेला हात मनगटापर्यंत बुडवते. भाकरीचा घास चावून तान्ह्याला भरवण्याची जुनी रीत हाही संभाव्य मार्ग.

यकृताशी असलेला संबंध अप्रत्यक्ष व वादग्रस्त आहे. जंतूचे युरिएज विकर युरियापासून अमोनिया बनविते. त्याच्या आधारे तो आम्लात तग धरतो. निरोगी यकृत हा अमोनिया सहज निपटते. दीर्घ दाहामुळे इन्सुलिनरोध (शरीराने इन्सुलिनला दाद न देणे) वाढून यकृतात चरबी साचत असावी, असा एक तर्क आहे. मुलांवरील अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. उंदरांत यकृतदाह करणारा हेलिकोबॅक्टर हेपॅटिकस (१९९४) ही वेगळी जाती. तिचे गुण पायलोरीला चिकटवू नयेत. स्थूलता व दारिद्र्य वजा केल्यास उरणारा संबंध क्षीणच दिसतो. मराठवाड्यातील मुलांत कावीळ दिसली, तर आधी दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए व ई यांचा विचार करणे रास्त. पायलोरीने कावीळ होत नाही.

निदानासाठी श्वासचाचणी, विष्ठेतील प्रतिजन (जंतूचे ओळखता येणारे अंश) व दुर्बिणीतून घेतलेला जठराचा तुकडा या पद्धती आहेत. रक्तातील प्रतिपिंडांवर मुलांत विसंबता येत नाही, कारण जुना व चालू संसर्ग त्यातून वेगळा कळत नाही. युरोपीय व उत्तर अमेरिकी बालजठरतज्ज्ञ संघटनांच्या संयुक्त शिफारशींनुसार नुसत्या पोटदुखीसाठी ही तपासणी करू नये. व्रण आढळल्यास आम्लरोधक औषधासह दोन प्रतिजैविके साधारण १४ दिवस देतात. मेट्रोनिडॅझोलला भारतातील अनेक वाण दाद देत नाहीत.