रेडिएटरवरचा सोलापुरी टॉवेल

मिनियापोलिसमधल्या पहिल्याच जानेवारीत माझे ओठ फुटले, टाचांना भेगा पडल्या आणि दाराच्या मुठीला हात लावला की चट्‌कन चटका बसायला लागला. बाहेर ढीगभर बर्फ, अंगावर लक्षणं मात्र सोलापुरातल्या मे महिन्याची! आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, “अगं, मग ओला टॉवेल टाक की खोलीत.”

उणे 10 अंशांच्या हवेत घनमीटरमागे जेमतेम सव्वादोन ग्रॅम वाफ मावते. तीच हवा घरात 22 अंशांपर्यंत तापली की 19 ग्रॅम मावू शकते, पण आत वाफ तेवढीच. म्हणजे सापेक्ष आर्द्रता फार तर 12 टक्के. कूलरला गार वारा देता येतो तो अशाच कोरडेपणामुळे. पाण्याची वाफ होताना लागणारी उष्णता हवेतूनच जाते. 42 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असेल, तर कूलरची हवा तत्त्वतः 22 अंशांपर्यंत उतरू शकते. मुंबईत हाच कूलर घाम वाढवतो.

मुठीचा चटका म्हणजे साठलेला विद्युतभार. दमट हवेत तो हळूच निघून जातो, कोरड्या हवेत ठिणगी होऊन सुटतो.

मी हिशेब मांडला. दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली म्हणजे 34 घनमीटर. आर्द्रता 40 टक्क्यांवर न्यायला पेलाभर पाणी पुरे! (फटींतून कोरडी हवा येतच राहते, म्हणून पाणी पुन्हा पुन्हा द्यावं लागतं.) खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर ओला टाकायला सोलापुरी टॉवेल झकास. त्याच्या सुती फासांत पाणी भरपूर धरलं जातं आणि हवेला लागणारा पृष्ठभागही मोठा.

साखर पेठेतल्या यंत्रमागाच्या कारखान्यात उन्हाळ्यात फरशीवर पाणी मारायचे. गारव्यासाठी, असं मला वाटे. पण सुती धागा कोरडा पडला की कमजोर होऊन तुटतो, ओलाव्याने त्याची ताकद वाढते. कामगारांना ते माहीत होतं, मला परदेशात कळलं.

मग हाव सुटली. दोन टॉवेल, वर पाण्याचं पातेलं. सकाळी काचेवरून ओघळ, खालच्या चौकटीत बर्फ. 22 अंशांची, 40 टक्के आर्द्रतेची हवा 8 अंशांखालच्या काचेला टेकली की तिथे दव जमतंच. मी तर 40 कधीच ओलांडले होते. आता एकच टॉवेल असतो. काचेचा कोपरा ओला दिसला की तोही काढून ठेवते.