दंतधावन

दात, हिरड्या व जीभ रोज स्वच्छ करण्याची क्रिया. बोलीभाषेत आपण 'दात घासणे' म्हणतो आणि करपलेले पातेले घासावे तसा आडवा, जोरकस ब्रश चालवतो. त्याने हिरड्या मागे सरतात, मुळाशी खाचा पडतात आणि थंड पाणी झोंबू लागते.

काढायचे असते ते किटण, म्हणजे जंतूंचा मऊ, चिकट थर. दात नखाने खरवडला की नखात पांढरट लगदा येतो, तो हाच. काही दिवस तसाच राहिला तर लाळेतल्या क्षारांनी तो दगडासारखा होतो. मग ब्रश कामाचा नाही, दंतवैद्यच लागतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला हा थर फार साचतो, कारण जिभेखालच्या लाळग्रंथींच्या नळ्या तिथेच उघडतात.

किटणाचे खरे घर दात आणि हिरडी यांच्या सांध्यात असते. अमेरिकन वैद्य चार्ल्स बास यांनी 1940च्या दशकात सांगितलेली पद्धत म्हणूनच थोडा बदल करून आजही शिकवतात. मऊ ब्रशचे केस या सांध्यावर सुमारे 45 अंशांत तिरके टेकवायचे, जागच्या जागी हलकेच थरथरवायचे, मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झाडून घ्यायचे. एका वेळी दोन-तीन दात. बाहेरची बाजू, आतली बाजू, दाढांचे माथे, शेवटी जीभ: सगळे मिळून 2 मिनिटे, दिवसातून दोनदा. त्यातली रात्रीची वेळ चुकवू नये. झोपेत लाळ कमी सुटते आणि जंतूंना रान मोकळे मिळते.

फ्लोराइडयुक्त पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. 3 वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी. फेस थुंकावा, पण लगेच खळखळून चुळा भरू नयेत, नाहीतर फ्लोराइड वाहून जाते.

कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी, राखुंडी, मीठ ही महाराष्ट्रातली जुनी साधने. काडी चावून कुंचा मऊ केला तर तिने दात साफ होतात. राख मात्र दात झिजवते. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मशेरी तर दंतमंजन नव्हेच. तिचे व्यसन लागते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. 'दात दुखायचे म्हणून लावायला लागले' असे सांगणाऱ्या बायका गावोगावी भेटतात. त्यांच्या दाढेवर वेळेत उपचार व्हायला हवा होता.

ब्रशला रक्त लागले की लोक ती जागा टाळतात. रक्त बहुधा सुजलेल्या हिरडीचे असते आणि सूज किटणाची, म्हणून तिथेच हलक्या हाताने ब्रश चालू ठेवावा. आठवडा-दोन आठवड्यांत थांबले नाही तर दंतवैद्याला दाखवावे.