सायकल आणि तब्येत: काळजी शरीराकडून रस्त्याकडे कशी वळली

१८८५ साली जॉन केम्प स्टार्लीची साखळीवर चालणारी, जवळजवळ सारख्या चाकांची ‘रोव्हर’ सायकल आली. १८८८ मध्ये डनलपने हवेचा टायर आणला. आधीच्या सायकलींच्या उंच चाकावरून डोक्यावर आपटण्याची भीती सरली आणि सायकल रोजच्या कामाची झाली. मग डॉक्टरांच्या शंका सुरू झाल्या. हृदयावर ताण येईल, पोक निघेल, तोल सांभाळता सांभाळता चेहरा कायमचा ओढलेला राहील! हा शेवटचा धाक मुख्यतः स्त्रियांना घातला गेला, आणि तो निराधार होता. बैठकीबद्दलची शंका मात्र अगदीच पोकळ नव्हती. सीट खाली असली की गुडघ्याची वाटी दुखते. पेडल तळाशी असताना गुडघा २५ ते ३५ अंशच वाकलेला हवा. हँडलवर भार पडला की नस दबून करंगळी आणि अनामिका बधिर होतात. दोन्हींवर उपाय पान्याने सीट-हँडल जुळवण्याचाच.

हृदयाचा प्रश्न उलटा सुटला. १९५३ मध्ये ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी दाखवले, की लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. २००० साली कोपनहेगनच्या सुमारे ३०,००० लोकांच्या अभ्यासात, फावल्या वेळचा व्यायाम हिशेबात धरूनही, कामावर सायकलने न जाणाऱ्यांचा मृत्युदर ३९ टक्के जास्त निघाला. आमच्या मते खरी ताकद नियमिततेत आहे: जाताना १५ मिनिटे, येताना १५, आठवड्यातून ५ दिवस, म्हणजे १५० मिनिटे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना किमान एवढाच मध्यम व्यायाम सांगते.

मग धोका उरला तो रस्त्याचा. २०१० च्या डच हिशेबानुसार छोट्या अंतरांसाठी मोटार सोडून सायकल धरली तर आयुष्य ३ ते १४ महिने वाढते. अपघातांमुळे ५ ते ९ दिवस, प्रदूषणामुळे ०.८ ते ४० दिवस घटते. पण हे आकडे कुठल्याही शहराला लावणे चूक. १९७० च्या दशकात रस्त्यावर मुले मरत होती म्हणून नेदरलँड्सचे लोक आंदोलनाला उतरले, आणि पुढे वेगळे सायकलमार्ग झाले. हिशेब त्या रस्त्यांचा आहे.

हवेलाही मर्यादा आहे. सायकलस्वार मोटारीत बसलेल्यापेक्षा दुपटीहून जास्त हवा ओढतो. २०१६ च्या एका गणितानुसार सूक्ष्म कण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असतील, तर रोज दीड तासापलीकडे नुकसान फायद्यावर मात करते. अशा ठिकाणी हमरस्त्याऐवजी आतली गल्ली धरावी, थोडा वळसा पडला तरी.