पत्ताकोबी: मिठाच्या पिंपापासून नागपूरच्या कढईपर्यंत

डिसेंबर लागला की नागपूरच्या कळमना बाजारात पत्ताकोबीचे ढीग पडतात, आठवडी बाजारात गड्डे स्वस्त होतात आणि घरोघरी प्रश्न उभा राहतो की रोज रोज याचं करायचं तरी काय. जगभर या एका भाजीचे शेकडो पदार्थ होतात. पण नुसत्या पाककृती वाचून ते का झाले हे कळत नाही. जर्मनांनी कोबी आंबवला, कोरियनांनी तिखटात मुरवला, आपण फोडणीत परतला. यामागे जिभेपेक्षा हवामानाचा हात मोठा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

कोबीचं रानटी रोप युरोपच्या समुद्रकाठचं, सुट्या आणि जाड पानांचं. या एकाच जातीतून शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करत पत्ताकोबी, फुलकोबी, नवलकोल आणि ब्रोकोली घडवली. रोमन लोकांना कोबीचं भारी कौतुक. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कॅटो या रोमन मुत्सद्द्याने शेतीवरच्या आपल्या ग्रंथात त्याला सगळ्या भाज्यांच्या वर बसवलं आणि मेजवानीत भरपूर खायचं-प्यायचं असेल तर आधी व्हिनेगर लावून कच्चा कोबी खावा, असा सल्ला दिला. घट्ट गड्ड्याचा कोबी मात्र मध्ययुगात उत्तर युरोपात रुजला. तिथे वर्षातले चार-पाच महिने शेतात हिरवं पान दिसत नाही. त्यामुळे शरद ऋतूत निघालेलं पीक वसंतापर्यंत पुरवायचं कसं, हाच तिथल्या स्वयंपाकघराचा मुख्य प्रश्न होता.

उत्तर मिठात सापडलं. बारीक चिरलेल्या १०० किलो कोबीला साधारण दोन-अडीच किलो मीठ चोळायचं, पिंपात दाबून भरायचं आणि वर वजन ठेवायचं. मिठाने पानांतलं पाणी सुटतं, कोबी त्यातच बुडतो आणि हवा तुटते. मग पानांवरचेच जिवाणू साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. आंबटपणा वाढला की सडवणारे जंतू टिकत नाहीत. हाच तो सावरक्राउट. तो महिनोन्‌महिने टिकतो आणि त्यातलं क जीवनसत्त्वही बऱ्यापैकी शिल्लक राहतं. म्हणूनच १७६८ मध्ये निघालेल्या इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकच्या जहाजावर त्याची पिंपं चढवली होती. खलाशी सुरुवातीला तो खाईनात. कुकने सक्ती केली नाही; अधिकाऱ्यांच्या टेबलावर तो रोज वाढायला लावला. साहेब खातात म्हटल्यावर खलाशीही मागायला लागले. त्या काळी लांबच्या सफरीत क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्ही रोगाने माणसं किड्यामुंग्यांसारखी मरत, हे लक्षात घेतलं की या आंबट कोबीची किंमत कळते.

कोरियातला हिवाळाही तितकाच कडक. तिथला कोबी लांबट, चिनी जातीचा, आपल्या गड्ड्याचा चुलतभाऊ. हिवाळ्याच्या तोंडावर शेजारीपाजारी जमून ढिगांनी किमची घालतात. या सामूहिक प्रथेला ‘किमजांग’ म्हणतात आणि २०१३ मध्ये युनेस्कोने तिला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. किमची लालभडक असते म्हणून ती मुळापासून तशीच असेल असं वाटतं, पण मिरची कोरियात सोळाव्या शतकानंतर पोचली, त्याआधीची किमची बिनमिरचीची. ज्या मिरचीवर आपला भिवापूर उभा आहे, तीही त्याच काळात पोर्तुगीजांच्या जहाजांतून हिंदुस्थानात उतरली.

गड्ड्याचं पान मोठं आणि लवचीक, म्हणून त्यात खिमा-भात गुंडाळायची रीतही दूरवर गेली. तुर्कस्तानापासून बाल्कन, युक्रेन, पोलंडपर्यंत ती सापडते. स्वीडनचा राजा बारावा कार्ल १७०९ मध्ये पोल्टाव्हाची लढाई हरून पाच वर्षं तुर्की मुलखात राहिला. त्याच्याबरोबर हा पदार्थ स्वीडनला गेला, असं सांगतात. तुर्कस्तानात असं सारण द्राक्षाच्या पानांतही गुंडाळतात, पण ती स्वीडनमध्ये कुठून मिळणार? कोबीच कामी आला. नॉर्वेचा राष्ट्रीय पदार्थ तर मटण, कोबी आणि अख्खी काळी मिरी थरावर थर लावून मंद शिजवलेला आहे. मटणाचे शौकीन असलेल्या नागपूरकरांनी तो एकदा करून बघावाच.

आपल्याकडे कोबी पोर्तुगीजांनी आणला असं मानतात. पुढे ब्रिटिशांनी जोर लावला. १८२० मध्ये कलकत्त्यात कृषी-उद्यान संस्था निघाली. तिने विलायती भाज्यांचं बियाणं मागवून वाटलं, चांगलं पीक काढणाऱ्या माळ्यांना बक्षिसं दिली. छावणी आली की साहेबाच्या टेबलासाठी भाज्यांची बाग आलीच. नागपूरला लागून कामठीची छावणी १८२१ ची. पण इथे कोबीला वेगळीच हवा मिळाली. युरोपात जो हिवाळ्यासाठी साठवायचा, तो इथे हिवाळ्यातच शेतात उभा. साठवायची गरजच नाही, त्यामुळे पिंप, मीठ, आंबवणं हे सगळं मागे राहिलं. ताजा आणा, चिरा, फोडणीत टाका. सावरक्राउटला १८ ते २२ अंश तापमान मानवतं. आपल्या मे महिन्यात तो चार दिवसांत लिबलिबीत होईल.

बियाण्याची गोष्ट याच्या उलट. कोबीला फुलावर यायला लांब, कडक थंडी लागते. नागपूरच्या थंडीत ‘गोल्डन एकर’सारख्या जातींचा गड्डा छान धरतो, पण तिचं बी हिमाचलात, कुलूच्या खोऱ्यात धरावं लागतं.

आपल्या कढईत कोबीला जोडीदार मिळाला तो हरभऱ्याचा. भिजवलेली डाळ घातलेली भाजी, पीठ पेरलेली कोरडी भाजी, उरलेल्या गड्ड्याचे वाफवलेले मुटके. कोबी फार शिजला की त्यातली गंधकाची संयुगं फुटून वास सुटतो. म्हणून बारीक चिरून, मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता परतायची आपली रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे.

मग कोबी दुसऱ्यांदा आला, हातगाडीवरून. कलकत्त्याच्या चिनी वस्तीत भारतीय वळणाचं चायनीज तयार झालं. १९७५ च्या सुमारास मुंबईत नेल्सन वांग या आचाऱ्याने चिकन मंचुरियन केलं आणि त्याच्या शाकाहारी भावंडात कोबी भरला गेला. मोमोही तसेच. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे, हिवाळ्यात नागपुरात तिबेटी स्वेटरवाले येतात. मोमोचं व्हेज सारण बहुतेक कोबीचंच असतं.

गाडीवरच्या कच्च्या कोबीला मात्र बरेच जण घाबरतात: ‘त्यातली अळी मेंदूत जाते.’ कोबीवरची हिरवी अळी पतंगाची असते, ती पिकाचं नुकसान करते, माणसाच्या मेंदूत जात नाही. धोका आहे तो डुकराच्या फीतकृमीच्या अंड्यांचा. माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या माती-पाण्यातून ती कुठल्याही कच्च्या पालेभाजीवर येऊ शकतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. शिजवलं की मरतात. कच्चा खायचा असेल तर वरची दोन-तीन पानं टाका, उरलेली सुटी करून वाहत्या पाण्यात एकेक धुवा आणि मगच चिरा.